हात लावण्याआधीची रीडिंग्ज

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा युनिटमध्ये लिथियम बॅटरीच्या संरक्षक सर्किटचे बोर्ड तपासणीला येतात. सेलच्या जागी आम्ही प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय जोडतो, व्होल्टेज हळूहळू उतरवतो आणि बोर्ड कुठे पुरवठा तोडतो ते नोंदवतो. 2.75 ते 2.85 व्होल्टच्या दरम्यान तोडला तर पास. मागच्या पावसाळ्यात मात्र पंचाईत झाली. एका बेंचवर पास झालेले काही बोर्ड दुसऱ्या बेंचवर नापास व्हायला लागले. दोन्ही सप्लायच्या डिस्प्लेवर तर जे सेट करावं तेच दिसत होतं.

डिस्प्लेवर माझा अशा वेळी अजिबात भरवसा नसतो. बऱ्याच सप्लायमध्ये व्होल्टेज देणारा भाग आणि ते मोजणारा भाग एकाच अंतर्गत संदर्भ-व्होल्टेजवर चालतात. तो संदर्भ सरकला की दोघंही सारखेच सरकतात आणि एकमेकांना दुजोरा देत राहतात. साक्षीदार बाहेरचाच हवा. आमच्याकडे साडेसहा अंकी मल्टिमीटर आहे, त्याचं स्वतःचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं होतं.

आमच्याकडचे काका इतकी वर्षं सप्लायच्या कॅलिब्रेशनचं काम हातानेच करत आले. कीपॅडवरून एकेक बिंदू सेट करायचा, मीटरचं रीडिंग सप्लायमध्ये भरायचं, पुढच्या बिंदूवर जायचं. एका बेंचच्या सप्लायचा दोष कळल्यावर ते लगेच म्हणाले, "आणा इकडे, जेवायच्या आत करून देतो." मी म्हटलं, "काका, आधी त्याची आहे ती अवस्था लिहून घेऊ. मग लावा हात." नवे आकडे मेमरीत गेले की जुनी चूक किती होती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. रजिस्टरमध्ये उरतात ती फक्त दुरुस्तीनंतरची रीडिंग्ज. हेच काम संगणकाच्या स्क्रिप्टने केलं की वेळ वाचतो म्हणून तिचं कौतुक होतं. मला तिचं मोल वाटतं ते या पहिल्या, फक्त नोंदीच्या फेरीसाठी.

सप्लाय आणि मीटर दोन्ही एससीपीआय आज्ञा ओळखतात. उपकरणांशी बोलण्याची ही भाषा 1990 साली ठरली, आणि व्होल्टेज सेट करा, मोजून सांगा, इतपत आज्ञा बहुतेक ठिकाणी सारख्या असतात. कॅलिब्रेशनच्या आज्ञा मात्र प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, तिथे मॅन्युअल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. पायथनची स्क्रिप्ट लिहिताना पहिल्या फेरीत कॅलिब्रेशनची एकही आज्ञा ठेवली नाही. सप्लाय तापून स्थिर झाल्यावर शून्यापासून 30 व्होल्टपर्यंत चढायचं, तसंच उतरायचं, सेट केलेला, डिस्प्लेचा आणि मीटरचा आकडा फाइलमध्ये लिहायचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. प्रत्येक रीडिंग अशा दहा आवर्तनांची सरासरी घेऊन, म्हणजे विजेची घरघर आपोआप गळून पडते.

करंटच्या फेरीत खरी काळजी लागते. 0.1 ओहमच्या शंटमधून, म्हणजे करंट मोजायच्या ठरावीक रोधातून, 3 अँपिअर गेले की त्यात 0.9 वॅट उष्णता होते. शंट तापला की त्याचा रोध बदलतो आणि दोष सप्लायच्या माथी जातो. म्हणून प्रत्येक रीडिंगनंतर स्क्रिप्ट आउटपुट बंद करते, शंट निवू देते, मगच पुढे जाते. करंटच्या तारा शंटच्या बाहेरच्या टर्मिनलांना, मीटरच्या तारा आतल्या. तारांमधली घट मग मापात येत नाही. माणूस पहिले पाच बिंदू असा धीर धरतो, सहाव्याला घाई करतो.

फाइल उघडली तेव्हा चूक सरळ रेषेत वाढत गेलेली दिसली. 3 व्होल्टला 14 मिलिव्होल्ट जास्त, 30 व्होल्टला साधारण 140. सगळीकडे सारखीच चूक असती तर शून्य हललं म्हटलं असतं. टक्का तोच राहतोय म्हणजे संशय अंतर्गत संदर्भावर. काकांनी आलेख बघितला आणि म्हणाले, "हा म्हातारा झालाय." दुसऱ्या फेरीत दुरुस्ती केली, तिसरीत पडताळणी. ते सगळं बिनबोभाट पार पडलं.

ग्राहकाचा प्रश्न उरला होता: या बेंचवरून गेलेल्या मालाचं काय? नापास झालेले बोर्ड आमच्याकडेच होते, ते पुन्हा तपासता येत होते. भीती होती ती पास होऊन गेलेल्यांची. प्रत्येक बोर्डाने कुठे पुरवठा तोडला, तो आकडा आमच्या नोंदीत होताच. मागच्या कॅलिब्रेशनपासून पूर्ण काळ आजचीच चूक होती असं धरलं, म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता धरली, आणि आकडे 1.0047 ने गुणले. डिस्प्लेवर 2.837 च्या वर तोडलेला बोर्ड प्रत्यक्षात 2.85 च्या पलीकडे गेलेला असू शकत होता. तेवढ्या बोर्डांचे सीरियल नंबर वेगळे काढून पहिल्या फेरीच्या फाइलसकट ग्राहकाला पाठवले. त्यांनी पूर्ण लॉट परत बोलावला नाही, यादीतलेच बोर्ड परत मागवले.