पत्ता घरचा, पत्र दुसऱ्याचं

नेरुळहून लोकलने निघालं की आधी जुईनगर, मग सानपाडा. माझ्या आठवीच्या वर्गातली बरीचशी मुलं याच पट्ट्यातली. पण २००८ साली सानपाड्यातल्या एका घरात काय घडलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. असणार तरी कसं? तेव्हा यांचा जन्मही झालेला नव्हता. मला ती गोष्ट वर्गात सांगावी लागली, त्याला कारण घडलं.

वर्गातल्या एका मुलीच्या घरी संध्याकाळी साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले. कुणाला तरी धमकीचा मेल गेला होता आणि तपासात यांच्या घरचं इंटरनेट कनेक्शन निघालं. वायफायचा पासवर्ड म्हणजे फ्लॅटचा नंबर, दोनदा. हा कुणालाही सुचेल! चार-पाच दिवसांत पोलिसांनीच सांगितलं की घरच्यांचा यात संबंध नाही. पण तोवर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा होऊन गेली होती. शाळेत डब्याच्या वेळी ती एकटी बसायला लागली. आणि मला एका पालकांचा फोन आला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्या मुलीची जागा बदलता का?"

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा.

सोमवारी मराठीचा तास होता, पण पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर तारीख लिहिली : २६ जुलै २००८. त्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा मेल आला होता. मेल कुठून सुटला याचा माग काढत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक पोहोचलं ते सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होतं एक अमेरिकन कुटुंब. त्या गृहस्थांचं नाव तेव्हा देशभरच्या पेपरांत छापून आलं. मी ते वर्गात घेतलं नाही, इथेही घेत नाही.

त्यांचे संगणक तपासणीला गेले, चौकशी चालू राहिली. ऑगस्टच्या मध्यावर, विमानतळांवर त्यांच्या नावाची नोटीस असतानाही, ते अमेरिकेला निघून गेले. इथे थांबून मी मुलांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? निम्म्याहून जास्त हात वर. "टीचर, पळाला म्हणजे त्यानेच केलं असणार."

मग पुढची तारीख लिहिली : २३ ऑगस्ट. तशाच धाटणीचा आणखी एक मेल आला आणि त्याचा माग निघाला माटुंग्याच्या खालसा कॉलेजात. १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेलेला. वर्ग जरा वेळ गप्प होता. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे कुणीतरी फिरून फिरून पाठवत होतं." बरोबर. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने काही जणांना अटक केली, तेव्हा पोलिसांचंही म्हणणं हेच होतं : उघडी वायफाय शोधायची, तिथून मेल पाठवायचा आणि पुढे सरकायचं. सानपाड्याच्या त्या गृहस्थांवर गुन्हा कधीच दाखल झाला नाही.

आयपी पत्ता म्हणजे काय, हे समजावताना मी सोसायटीच्या खालच्या पत्रपेट्यांचं उदाहरण दिलं. पत्रामागे "प्रेषक : फ्लॅट ३०२" असं कुणीही लिहू शकतं. आयपी पत्ता तेवढा सहज खोटा लिहिता येत नाही, पण तोही सांगतो तो कनेक्शनपुरताच. त्या वेळी बटण कोणी दाबलं, ते तो सांगत नाही. पोलिसांना त्या दारापर्यंत जावंच लागतं, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. दारात पोलीस दिसले म्हणून निकाल लावून मोकळं व्हायचं, ते काम मात्र आपण शेजारीपाजारी करतो.

पालकांसाठी थोडं. त्या मुलीची आई मला फार आवडली. तिने ओळखपत्र बघायला मागितलं, पोलीस ठाण्यात फोन लावून खात्री केली, मग पाणी दिलं आणि विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. राउटरला हात लावला नाही, काही पुसलं नाही. लॅपटॉप नेला त्याचा पंचनामा वाचून सही केली, प्रत ठेवून घेतली. "ठाण्यात येऊन जबाब द्या" म्हटल्यावर तिने लेखी नोटीस मागितली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदाराला लेखी आदेशानेच बोलवायचं असतं, आणि बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा किंवा साठीपुढचे आजोबा असतील तर त्यांना घराबाहेर बोलवता येत नाही, जबाब घरीच. तिला कलमाचा नंबर माहीत नव्हता. "लेखी द्या" एवढंच ती म्हणाली, आणि जबाब घरीच झाला.

(आणि हो, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस "तुमच्या नावाने मेल गेलाय, डिजिटल अरेस्ट" म्हणायला लागला तर फोन ठेवून द्या. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.)

गृहपाठ एकच दिला : घरच्या राउटरचा पासवर्ड मोठ्यांसोबत बसून बदला, आणि राउटरवर चिकटवलेला मूळचा चालू असेल तर तोही. दुसऱ्या दिवशी एका बाबांची तक्रार आली, मुलाने नवा पासवर्ड इतका अवघड ठेवलाय की टीव्ही चालत नाही.

जागा मी बदलली नाही. त्या पालकांना संध्याकाळी फोन करून वर्गात काय झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी येऊन तिने सांगितलंय, फळ्यावरच्या तारखांसकट.