कर आणि असावे

पदवीच्या वर्गाला क्रियापदाचे अर्थ शिकवताना आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतला भेद मुलांना चटकन पटत नाही. 'दार लाव' आणि 'दार लावलेले असावे' यांचा शेवट एकच, असे त्यांना वाटते. दार आधीच लावलेले असेल तर पहिली आज्ञा वाया जाते, दुसरे वाक्य मात्र खरेच राहते, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. शिवाय 'असावे' या रूपात तर्काचीही छटा आहे: दार बहुधा लावलेले आहे. इच्छा आणि अनुमान एकाच रूपात नांदतात. या भेदाचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण मला संगणकाच्या खोलीत सापडले.

आमच्या नांदेडच्या विभागात लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांनी खेडोपाडी फिरून केलेली ओव्यांची ध्वनिमुद्रणे आहेत, जुन्या पोथ्यांची छायाचित्रे आहेत, लघुप्रबंध तर ढिगाने आहेत. हे सारे एका संगणकावर होते आणि त्याचे फोल्डर जाळ्यावर सर्वांना मोकळे होते. ती मांडणी एका कंत्राटी सहायकाने केली होती. त्याचे कंत्राट संपले, काही महिन्यांनी डिस्क बदलावी लागली, आणि मांडणी नेमकी काय होती हे कोणालाच सांगता येईना. विद्या मुखोद्गत असण्याचे आम्ही साहित्यवाले फार कौतुक करतो. ती एकाच मुखात असली की काय होते, हेही पाहून घ्यावे. लातूरला मराठीच शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या महाविद्यालयातही स्थिती अशीच होती. दोघांनी मिळून एका माजी विद्यार्थ्याला गाठले. तो पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. त्याने पहिलेच वाक्य असे सांगितले: "सर, सर्व्हर हाताने मांडायचा नाही, लिहून काढायचा."

सर्व्हर मांडायचा तो सांबा या प्रणालीचा. विंडोजची यंत्रे आपसांत फाइली वाटून घेतात ती भाषा लिनक्सच्या यंत्रालाही बोलता यावी, यासाठी ही प्रणाली आहे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधक विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस तिची सुरुवात केली. ही भाषा त्यांनी कशी शिकून घेतली, याचे त्यांनीच दिलेले स्पष्टीकरण भाषेच्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. पुस्तक नाही, शिक्षक नाही. फ्रान्समधल्या एखाद्या कॅफेत बसायचे, कोण काय मागतो आणि त्याला काय मिळते हे ऐकत राहायचे, मग स्वतः एखादा शब्द उच्चारून पाहायचा. दोन यंत्रांमधले संभाषण त्यांनी असे ऐकले. नावाची गोष्टही गमतीची. आधीच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी संगणकातल्या शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांत 'सांबा' निघाला. (आमच्याकडे हा उच्चार ऐकून काहींना महादेव आठवतो, ते वेगळे.)

आता 'लिहून काढणे' म्हणजे काय? पहिला मार्ग आज्ञांची यादी करण्याचा: सांबा बसव, फोल्डर तयार कर, समूह तयार कर. कोऱ्या यंत्रावर ही यादी सुरळीत चालते. दुसऱ्यांदा चालवली की यंत्र कुरकुरते, फोल्डर तर आधीच आहे म्हणते. अर्ध्यात वीज गेली तर पुन्हा कुठून सुरू करायचे, हा प्रश्न उरतो. आणि नांदेड-लातूरकडे तो प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या विद्यार्थ्याने वापरले ते साधन म्हणजे अँसिबल, २०१२ साली प्रथम आलेले. त्याचे नाव उर्सुला ल ग्विन यांच्या १९६६ च्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' या कादंबरीतून चालत आले आहे. तिथे ते ताऱ्याताऱ्यांमध्ये तत्क्षणी निरोप पोचवणारे यंत्र आहे. या साधनाला द्यायच्या मजकुरात बहुतेक ठिकाणी आज्ञा नसतातच. सांबा बसवलेला असावा, अमुक फोल्डर असावे, त्याचा मालकी-समूह अमुक असावा, सेवा चालू असावी, असे ते वर्णन असते. अँसिबल आधी पाहते की तसे आहे का; असेल तर हात लावत नाही, नसेल तर तसे करते. आमच्या 'असावे'तल्या दोन्ही छटा, तर्क आणि इच्छा, तिथे एकामागोमाग कामाला लागतात! मजकूर दुसऱ्यांदा चालवला तेव्हा शेवटी 'बदल: शून्य' अशी नोंद आली. पुन्हा केल्याने फरक न पडणाऱ्या अशा क्रियेला इंग्रजीत 'आयडेम्पोटंट' म्हणतात. हा शब्द बेंजामिन पर्स या गणितज्ञाने १८७० मध्ये घडवला.

इथवर सगळे आनंदाचे होते. मग परवानग्यांचे पान आले. कोणत्या फोल्डरमध्ये कोणी वाचावे, कोणी लिहावे, हे प्रत्येक फोल्डरसाठी स्पष्ट लिहावे लागते. मोकळ्या फोल्डरच्या काळात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही कोणी दिले नव्हते. ध्वनिमुद्रणांमध्ये एका वृद्ध बाईंचा अर्ध्या तासाचा तुकडा आहे. ओव्या गाता गाता त्या सासरच्या माणसांबद्दल, नावे घेऊन, बोलू लागतात. मुद्रण करणारी मुलगी त्यांच्याच गावची. "कॉलेजात ऐकवा, गावात नको," असे त्या शेवटी म्हणतात, आणि तेही मुद्रित आहे. पण कॉलेज म्हणजे कोण? गावातली पाच मुले आज आमच्याच वर्गात बसतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून 'पारी'वर खुल्या होत आहेत, आणि तिथे गाणाऱ्या बायांची नावे, छायाचित्रे सन्मानाने दिलेली असतात. ज्यांच्या गाण्याला आजवर 'अनाम' म्हटले गेले त्यांना नाव मिळणे हा न्यायच आहे. दुसरीकडे, महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले, आणि राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना बंद राहिले. त्यात मराठीच्या अभ्यासाचे नुकसान झाले, असे आम्ही वर्गात सांगतो. पण ज्यांनी झाकले त्यांना काही भय असेल, याचा उल्लेख आम्ही फार तर एका वाक्यात उरकतो. मला त्या बाईंचा शब्द मोडवेना. त्या फोल्डरपुढे मी लिहवले: वाचणारे तिघे, म्हणजे मुद्रण करणारी विद्यार्थिनी आणि दोन अध्यापक, इतरांनी विचारावे.

तोच मजकूर लातूरला गेला. यंत्राचे नाव आणि पत्ता बदलला की तिथला सर्व्हर उभा राहणार होता, तसा तो वीसेक मिनिटांत उभा राहिला. ध्वनिमुद्रणांची एक प्रतही तिथे ठेवली आहे, इथली डिस्क पुन्हा गेली तर असावी म्हणून. त्या बाईंच्या फोल्डरपुढची ओळ मात्र स्नेह्यांनी बदलली. लातुरात त्यांच्या गावचे कोणी नाही, तेव्हा एम.ए.च्या वर्गाने ऐकायला हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, पुढच्या वर्षी वर्गात कोण येईल हे त्यांना ठाऊक नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर एवढाच एक पाठभेद आहे. मूळ पाठ कोणता, हे सांगायला त्या बाईंकडे पुन्हा जावे लागेल. दिवाळीच्या सुटीत त्या मुलीबरोबर जायचे ठरले आहे.