अष्टमीचा शनिवार

सोलापूर ते समुद्र, साधारण साडेतीनशे किलोमीटर. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरला की रत्नागिरी. रस्ता आता बराच सुधारलाय, त्यामुळे अंतर हा काही प्रॉब्लेम राहिलेला नाही. प्रॉब्लेम असा आहे की आपण पडलो देशावरचे. आपल्याला पाणी कळतं ते बोअरचं, टँकरचं आणि "उजनी किती टक्के?" एवढ्यापुरतं. पाणी दिवसातून दोनदा आपणहून अंगावर चालून येतं आणि पुन्हा निघून जातं, हे पुस्तकात वाचलेलं असलं तरी हाडात भिनलेलं नसतं. आमच्याकडची मंडळी किनाऱ्यावर जाऊन बुडाल्याची बातमी दरवर्षी कुठे ना कुठे वाचायला मिळते, ती उगाच नाही.

तर प्लॅन असा: दोन कुटुंबं, तीन तंबू, एक रात्र, समुद्राच्या शेजारी. गाडीत सगळ्यात लहान माझी मुलगी (वय ६) आणि सगळ्यात मोठे माझे बाबा (वय ७२). बाबांची अख्खी नोकरी गिरणीत गेली. समुद्र त्यांनी पाहिलाय, पण दुपारी दर्शन, संध्याकाळी परतीची एसटी अशा हिशेबाने. त्याच्या शेजारी झोपायचं राहून गेलंय. गुडघे अजून साथ देतायत तोवर हे उरकायचं, असं मी मनाशी ठरवलंय.

ग्रुपवर पहिली मागणी आली ती अर्थातच पौर्णिमेची. चांदणं, समुद्र, फोटो! मी म्हटलं, थांबा जरा, भरती बघू. मित्र म्हणाला, "समुद्र काय पळून चाललाय काय बे? कधी पण जाऊ की." समुद्र पळून जात नाही, तो जवळ येतो, हाच तर मुद्दा आहे.

कोकणातल्या मच्छीमारांचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मध्यरात्री ओहोटी. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. रात्री सगळे गाढ झोपलेले असताना पाणी सगळ्यात वर. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून भरती लहान. तिला 'भांग' म्हणतात. पाऊण का, तर चंद्र रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं उशिरा येतो, आणि ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. एका ओळीचा अल्गोरिदम, बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही. असला कोड लिहायला मला आवडेल.

आता गंमत बघा. या हिशेबाला इनपुट लागतं फक्त तिथीचं, आणि तिथी मिळते पंचांगात. आमच्या घरात खिळ्याला टांगलेलं दाते पंचांग निघतं कुठून? सोलापुरातून! शंभराहून अधिक वर्षं. आणि उंच लाटांचा इशारा देणारी 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था आहे हैदराबादला, म्हणजे आमच्यापासून समुद्राच्या नेमकी उलट दिशेला. समुद्राचं वेळापत्रक बघायला आम्ही ज्या दोन गावांच्या तोंडाकडे बघतो, त्या दोन्ही गावांना समुद्र नाही. असो.

मग मी बाबांना पंचांग घेऊन बसवलं आणि स्वतः स्प्रेडशीट उघडली. अटी अशा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार, तिथी सप्तमी ते नवमी. तीस तिथींपैकी अशा सहा, म्हणजे सरासरी पाचातला एकच शनिवार चालतो. त्यात जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, तेव्हा घर सोडून कुठे जायचं नाव काढायचं नाही. कृष्ण पक्षातली अष्टमी मी बाजूला ठेवली, कारण चंद्र मध्यरात्री उगवतो. शुक्ल अष्टमीला तो संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीकडे मावळतो. म्हणजे जेवणापुरता उजेड, नंतर चांदण्या. चांदणंवाल्यांना अर्धं तरी चांदणं!

पाऊणचा हिशेब ढोबळ आहे, हे मात्र लक्षात ठेवा. तो मुंबईला बरा जुळतो. रत्नागिरीला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, आणि एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. तेव्हा शेवटचा शब्द छापील भरतीच्या तक्त्याचा, आणि त्याही वरचा गावातल्या माणसाचा. अष्टमीचा खरा फायदा असा की तंबू ठोकायच्या वेळीच पाणी वर आलेलं असतं. कुठवर येतंय ते उजेडात डोळ्यांनी दिसतं. सपाट वाळूवर पाणी मीटरभर चढलं तरी आडवं ते कितीतरी आत शिरतं, म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नये. पुळणीवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो, त्याचं नावच मर्यादवेल. तंबू त्याच्याही मागे, सुरूच्या झाडांकडे. तोही एका घरमालकाला विचारून त्याच्या वाडीच्या कडेला, कारण बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं आणि तिथे संडास आहे. (हे ग्रुपवर कुणी विचारात घेतलं नव्हतं.)

बाकी तयारी किरकोळ. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून दोरीसकट आडव्या पुरायच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन दिवस काही होत नाही. स्लीपिंग बॅगवरून घरात वाद झाला. बाबा म्हणाले, सोलापूरचा माणूस चादर सोडून पिशवीत झोपणार? दवाने चादर ओली होईल, हे मी सांगून पाहिलं. चादरी जास्तीच्या घेतल्यात. शेकोटी नाही आणि मोठे दिवे नाहीत. त्या किनाऱ्यांवर याच दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, आणि उजेडाने ती बिचकतात.

पोहण्याचा नियम एकच आणि त्यावर चर्चा नाही: मुलं गुडघ्यापर्यंत, तेही गावातला माणूस इथे चालेल म्हणाला तर. गणपतीपुळ्याजवळ तर अजिबात नाही, तिथला उतार फसवा आहे.

पहाटेची भरती सहाच्या आधी येणार, तेव्हा चारपासून कुणीतरी जागं राहायला हवं. ग्रुपवर विचारलं, शांतता. बाबा पंचांगात त्या शनिवारावर पेन्सिलने गोल करत म्हणाले, "मी आहे की. पहिल्या पाळीची सवय, चारला जाग येतेच."