अर्धं हळकुंड

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं हा दोष, हे ठरवलं तरी कुणी?

दोन वर्षं झाली, मी बायबलची हिब्रू शिकतोय. घर जालन्यात, शिकवणी मोबाइलवर. उजवीकडून डावीकडे वाचताना आता डोळा अडखळत नाही. क्रियापदांचे सातही बिन्यान, म्हणजे रूपांचे साचे, वहीत तक्ते करून झालेत. तरी कुणी विचारलं की पंचाईत. ‘येत नाही’ म्हणावं तर खोटं, ‘येतं’ म्हणावं तर त्याहून खोटं.

उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब वाटेत मुक्काम करतो, तिथला एक दगड उशाला घेतो. ‘घेतला’ला शब्द आहे ‘वय्यिक्कह’. माझा कोश धातूंच्या क्रमानं लावलेला. मी ‘व’खाली पाहिलं, ‘य’खाली पाहिलं, मग ‘क’खाली. धातू निघाला ल-क-ह. रूप चालवताना ‘ल’ पुढच्या अक्षरात जिरतो, आणि त्याच्या नावानं ‘क’च्या पोटात एक टिंब तेवढं उरतं. पाऊण तास त्या टिंबात गेला. चिडचिड झाली. मग वाटलं, मराठी शिकणाऱ्यानं कोशात ‘गेला’ शोधला तर त्याला ‘जाणे’ कोण दाखवणार? तिथं तर टिंबही नाही.

उशाच्या त्या जागेला याकोब नाव देतो बेथेल, म्हणजे देवाचं घर. हे नाव आमच्या जालन्यालगत आहे. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात आले आणि सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं. इतकी वर्षं मी ते नाव सोडून दिलेल्या वस्तूसारखं बघत होतो. ‘बेत’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव, हे कळलं त्या दिवशी रिक्षातून जाताना मी ते मोठ्यानं फोडून म्हटलं. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. पिवळा झालो तो तिथंच.

हळकुंडाकडे परत येतो. शिजवून वाळवलेलं अख्खं हळकुंड हातात घ्या. वरून मातकट, सुरकुतलेलं. बोटाला रंग लागत नाही. मोडलं की आत पिवळंधमक. म्हणजे पिवळं व्हायचं तर ते मोडावंच लागतं. अख्खं हळकुंड कुणालाच पिवळं करत नाही. हा शोध मी मोठ्या थाटात आईला सांगितला. ती म्हणाली, “अरे, लग्नाला हळद पायलीनं दळतात. अर्ध्यात तुझं नाकसुद्धा पिवळं व्हायचं नाही.” थोडं थांबून म्हणाली, “सोनं नसलं तर दोऱ्यात हळकुंड ओवून लग्नं लागली आहेत. ती काय अर्धी लागली?” आता ती कुणाच्या बाजूनं बोलली?

मला आठवण होते पंडिता रमाबाईंची. त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या, केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. ते पुरतं छापून आलं ते त्यांच्या मागं. अर्धं कळलंय म्हणून त्या कधी थांबल्या असतील का? त्यांच्याही आधी, १८३२ साली, जॉन विल्सन यांनी मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं, ते बेने इस्राएल लोकांसाठी. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे यहुदी लोक. शनिवार त्यांनी कोणत्याही व्याकरणाशिवाय सांभाळला होता. मग पुरं हळकुंड कुणाकडे होतं?

आणि आता हळदच हातून निसटतेय. ‘गीतरत्ना’च्या चौथ्या अध्यायात सुगंधी द्रव्यांची यादी आहे, तीत एक शब्द ‘कर्कोम’. मराठी बायबलात तिथं केशर आहे. पण काही अभ्यासक हळद म्हणतात. हळदीच्या शास्त्रीय नावातलं ‘कुर्कुमा’ अरबी ‘कुर्कुम’वरून आलं. आपलं कुंकू ‘कुंकुम’वरून, आणि कुंकुम म्हणजे मुळात केशर; पुढं आपण ते हळदीला चुना लावून करू लागलो. म्हणजे आपल्या घरातही हा घोळ मिटलेला नाहीच. एस्तेरच्या पुस्तकात ‘कर्पास’ येतो. तोही एकदाच, पण त्याचा माग ‘कार्पास’ धरून थेट आमच्या मोंढ्यातल्या कापसापर्यंत पोचतो. कर्कोमचा पोचत नाही. दोन-चार ठिकाणी आला असता तर ओळी शेजारी ठेवून ताडून पाहिलं असतं.

तो अख्ख्या बायबलात एकदाच आला आहे. समासात मी पेन्सिलीनं ‘हळद?’ लिहिलं होतं. अजून खोडलेलं नाही.