दुसऱ्या गोळीचे कष्ट

माझी रायफल वाजते. उचलून जरा हलवली की नळीखालची लाकडी मूठ खुळखुळते. नवख्याला वाटतं, कुठला तरी स्क्रू ढिला झालाय. तसं काही नसतं. ती मूठ मागेपुढे सरकायचीच असते, म्हणून कारखान्यातूनच थोडी सैल येते. काही जण आत टेप गुंडाळून तिचं तोंड बंद करतात. मी करत नाही. तळहाताने दाबून धरली की गप्प बसते, आणि इतक्या जुन्या माणसाने थोडी कुरकुर केली तर कोण मनावर घेतं?

रायफल रेमिंग्टनची आहे, मॉडेल 760, कंपनीने ठेवलेलं नाव ‘गेममास्टर’. 1952 ते 1981 या काळात अशा सुमारे दहा लाख रायफली निघाल्या. चालवायची रीत हापशासारखी : मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी उजवीकडून बाहेर उडते, पुढे ढकलली की खालच्या मॅगझिनमधलं काडतूस नळीत जाऊन बसतं. मॅगझिनमध्ये चार काडतुसं मावतात. माझी 1956 सालची. तारीख नळीच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेली असते, पण उघड नाही. बारा महिन्यांना बारा अक्षरं, आणि ती क्रमाने वाचली तर ‘ब्लॅक पावडर एक्स’ असे शब्द होतात. काळी दारू! कारखान्यात बसून ही युक्ती काढणारा माणूस मला भेटायला हवा होता. माझ्या नळीवर ‘ई’ आहे, म्हणजे ऑक्टोबर. हंगामाच्या तोंडावर.

पेनसिल्व्हेनियात राहायला आलो तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी गावातल्या शाळेला सुट्टी का, ते मला कळेना. हरणांच्या शिकारीचा तो पहिला दिवस. पोरंच काय, मास्तरसुद्धा रानात असायचे. 2019 पासून हंगाम शनिवारी सुरू होतो. जुनी मंडळी अजून त्यावर कुरकुरतात. या राज्यात हरणावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवायला बंदी आहे. आपोआप भरली जाणारी बंदूक नको, दर गोळीमागे माणसाने काही हालचाल करावी, असा नियम. म्हणून इथे घरोघरी पंप रायफल. वीज आणि मोटारीपासून लांब राहणाऱ्या अॅमिश लोकांच्या नावावरून तिला गमतीने ‘अॅमिश मशीनगन’ म्हणतात, कारण सरावलेल्या हातात ती कायद्यात राहूनही धडाधड चालते.

मी ती घेतली त्याचं कारण मात्र साधं होतं. मी डावखुरा. नेहमीच्या बोल्टच्या रायफलीचा दांडा उजव्या बाजूला. डावखुऱ्याने एक बार काढला की हात चापावरून काढा, नळीवरून पलीकडे न्या, गाल दस्त्यावरून उचला. तोवर हरीण पुढच्या गावात. पंपाला डावं-उजवं नाही. चापावरचा हात चापावर, डोळा माशीवर, आणि काम करायचं ते पुढच्या हाताने. व्हरमाँटचे लॅरी बेन्वा बर्फातले माग काढत दिवसदिवस हरणामागे चालायचे, त्यांच्या हातात हीच 760 असायची. पळत्या जनावरावरची नजर हलत नाही, हा तिचा मोठा गुण.

गोळीबाराच्या मैदानावर ती तितकीशी खुलत नाही. टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून शंभर यार्डांवर नेम धरायचा, तर मूठ ओढताना पिशवी सरकते आणि सगळी बैठक मोडते. चाप जड आहे. थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाचा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो. तेच उभं राहून मारा : धक्का मागे येतो, त्याच ओघात हात मागे जातो, पितळी पुंगळी खांद्याच्या उंचीवर चमकून खाली पडते आणि हात पुढे जाईपर्यंत रायफल पुन्हा नेमावर असते. नळीचा काळा मुलामा मधोमध झिजून पांढरा पडलाय. आधीचा मालक तिथेच धरून चालत असणार. माझाही हात नेमका तिथेच जातो; तोल तिथेच सापडतो.

आमच्या सिंधुदुर्गात मामाकडे ठासणीची बंदूक होती. रानडुक्कर भातात शिरतं म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. दारू घाला, चिंध्या घाला, गजाने ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर घरी जाऊन झोपलेलं. मामा सांगायचा, “एकच बार आसा, मेल्या. नीट बगून काढ.” 760 हातात घेतली की मला ते आठवतं. तिच्यात चार आहेत, पण दुसरी गोळी ती मला आयती देत नाही. हात मागे न्यावा लागतो, पुढे आणावा लागतो. वेळ अर्ध्या सेकंदाचाच. पण त्या अर्ध्या सेकंदात समोर काय आहे, मागे कुणाचं घर आहे, जनावर लागलंय की नुसतं दचकलंय, हे पुन्हा एकदा पाहून होतं. पहिला नर पडला तेव्हा मी मूठ अर्धी ओढून थांबलो होतो. दुसरी गोळी झाडावी लागली नाही. थंडीत त्याचं पोट फाडून साफ करताना हातांना तेवढीच ऊब होती.

महाराष्ट्र मंडळात हे सांगितलं की लोक गप्प होतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. ते योग्यच झालं. इथे लांडगे आणि प्यूमा केव्हाच संपले. हरणंही विसाव्या शतकाच्या तोंडावर जवळजवळ संपली होती. 1895 मध्ये राज्याचं गेम कमिशन नेमलं गेलं आणि ती वाढली, आता इतकी की रानातली कोवळी रोपं उरू देत नाहीत. कमिशनचा बराच खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून भागतो. हे ऐकूनही मंडळातल्या वहिनी हरणाचं मटण डब्यात घेत नाहीत. त्यांचे यजमान घेतात.

न्यूयॉर्क राज्यातला इलियनचा कारखाना, जिथे ही रायफल बनली, तो 2024 मध्ये बंद पडला. आता मोडतोड झाली तर जुन्या बाजारात शोधायचं. नियमही बदलायला निघाला होता. कायदेमंडळाने सेमी-ऑटोमॅटिकचा मार्ग मोकळा केला, पण 2017 मध्ये शिकाऱ्यांपैकीच बहुतेकांनी हरणांसाठी ती नको म्हणून कळवलं, आणि कमिशनने परवानगी लहान प्राण्यांपुरतीच ठेवली. माझं मत विचाराल तर हरणांवरची ती बंदी तशीच राहावी.