वाचणारा रिकामा असतो काय?

संगणकाची झोप हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याचे बरेचसे वाचन आता जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रतींतून होते, त्याची या विषयाशी कधी ना कधी गाठ पडतेच. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आम्ही असेच पडद्यावर वाचले. जुन्या वळणाच्या गद्याचे एकेक पान सावकाश वाचावे, मागचा संदर्भ मनात जुळवावा, वहीत टिपण करावे, असा हा उद्योग. या अवधीत हात कळफलकावर नसतो. ठरलेली मिनिटे सरली की यंत्र आम्हांस रिकामे ठरवते आणि स्वतः झोपी जाते.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. मनुष्य कामात आहे की नाही हे ताडण्यासाठी ते दोनच गोष्टी पाहते: कळ दाबली गेली का आणि माऊस हलला का. या खुणांच्या अभावाला ते ‘आयडल’ म्हणते. आपल्याकडेही पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला ‘रिकामा बसला आहेस, तर दळण आणून टाक’ असे सांगण्याची रीत आहेच. हालचाल म्हणजे काम, हे गृहीतक दोन्हीकडे सारखेच.

लिनक्सवर या गृहीतकाशी वाद घालता येतो. सेटिंग्जमध्ये जाऊन झोप कायमची बंद करणे अर्थातच सोपे. पण मग यंत्र रात्रभर विनाकारण जागते आणि वीज खाते. आम्हांला झोप हवीच होती, केवळ वाचन चालू असेतोवर ती लांबवायची होती. त्यासाठी ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ नावाची आज्ञा आहे. दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये ती लिहावी आणि तिच्यापुढे ग्रंथ उघडणाऱ्या प्रोग्रामचे नाव द्यावे. ग्रंथ उघडा आहे तोवर झोपेला कुलूप. ग्रंथ मिटला की कुलूप आपोआप निघते. पडदा काळोखणे ही बाब निराळी, ती डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्येच पाहावी लागते. लॅपटॉपचे झाकण मिटले तर मात्र मूळ मांडणीत हे कुलूप जुमानले जात नाही. झाकण मिटणे हा मनुष्याचा स्पष्ट हेतू मानलेला दिसतो, आणि ते आम्हांला योग्य वाटते. उलट, ग्रंथ उघडा ठेवून वाचकच पेंगला, तर यंत्र इमानाने जागत राहते.

हीच आज्ञा आम्ही रात्रीच्या आणखी एका कामाला लावतो. ‘टेसरॅक्ट’ हा प्रोग्राम पानांच्या चित्रांतून मराठी अक्षरे ओळखतो. दोनशे पानांचा ग्रंथ असला की त्याला बराच वेळ लागतो, आणि त्या काळात कळफलकाला कोणीच हात लावत नाही. गंमत अशी, की स्वतः यंत्रच राबत असते, तरी कळफलक स्तब्ध असल्यामुळे तेही रिकामे ठरते. कुलूप लावले की काम पुरे होते आणि नंतर यंत्र आपल्या वेळेला झोपते.

या आज्ञेत ‘कोण’ आणि ‘का’ अशा दोन जागा आहेत. झोप कोण अडवतो आहे आणि कशासाठी, हे तेथे लिहायचे; सगळ्या कुलपांची यादी मागितली की ते कारण वाचता येते. आम्ही तेथे ‘वाचन चालू आहे’ असे लिहिले आहे. यंत्र त्या कारणाची शहानिशा करीत नाही. नोंद घेते आणि थांबते.

अध्यापकाच्या वार्षिक अहवालात तासिका, शोधनिबंध, चर्चासत्रे मोजली जातात. ज्या वाचनावर हे सारे उभे राहते, त्याची खूण कोठेच उमटत नाही. आणि ज्याची खूण उमटत नाही ते घडलेच नाही, असे हळूहळू आपणही मानू लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनी ही दोन ओळींची स्क्रिप्ट स्वतः लिहून पाहावी, आणि ‘का’च्या जागी आपापले कारण आपल्या शब्दांत लिहावे.