एका दोऱ्याचे अंतर

परवा पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी मुलीच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल पुढे ओढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला. "आता हे काय नवीन?" असे घरातून विचारणे झालेच. मला कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील दोन गावांमधले अंतर मोजायचे होते : रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड.

भिंतीवरच्या सपाट नकाशात ही गावे फार लांब दिसतात. पण तो नकाशा या बाबतीत अट्टल थापाड्या! दोहोंत बारा रेखांशांचे अंतर. मुंबईच्या अक्षांशावर त्याचे साडेबाराशे किलोमीटर झाले असते. पण ध्रुवाकडे रेखांश मोदकाच्या कळ्यांसारखे मिटत जातात. दोऱ्याने हिशेब दिला तो सुमारे 380 किलोमीटरांचा. मुंबईहून सोलापूर सरळ रेषेत याहून थोडे जवळ, एवढेच.

मात्र इथे ना रस्ता, ना रेल्वे. गावे दोन वेगळ्या बेटांवर. दोन पंख्यांचे लहानसे ट्विन ऑटर विमान हाच आधार. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी आखूड, खडीची, डोंगरांच्या कुशीत दडलेली. हवा बिघडली की दीड तासाची वाट कित्येक दिवसांची होते. 2021 च्या शिरगणतीत या गावाची वस्ती दीडशेच्या आतच होती. इन्युइट लोक त्याला म्हणतात 'औयुइत्तुक', म्हणजे कधी न वितळणारी जागा. आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात त्याच सुमारास तेथला सूर्य मावळतो, तो फेब्रुवारीत उगवतो.

आता मूळ गोष्ट. ही माणसे तेथली नव्हेतच, निदान बरीचशी. 1953 व 1955 साली कॅनडा सरकारने क्वेबेकच्या इनुकजुआक गावातून इन्युइट कुटुंबे बोटीने उत्तरेला सुमारे दोन हजार किलोमीटर नेली. सोबतीला पाँड इनलेटची काही कुटुंबे दिली. शिकार मुबलक मिळेल, न रुचल्यास दोन वर्षांनी परत आणू, असे सांगितल्याचे ती माणसे पुढे सांगत आली. सगळे एकत्र राहणार, अशीच त्यांची समजूत होती. वाटेत बोटीवर कळले की काहींनी इथे उतरायचे, काहींनी तिथे. एका गावच्या सख्ख्या नात्यांची अशी वाटणी झाली. काळोखाचे महिने त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. तेही पहिल्याच हिवाळ्यात वाट्याला आले. आपली लेक सासरी जाते तेव्हा निदान गाव ठाऊक असते!

परतीचा शब्द कुणी पाळला नाही. 1989 साली काही जण सरकारी मदतीने इनुकजुआकला परतले. तोवर मुलांची मुले तिकडे जन्मली होती. 18 ऑगस्ट 2010 रोजी सरकारने माफी मागितली.

त्याच वर्षी दोन्ही गावांत एकेक दगडी स्मारक उभे राहिले. ग्रीस फियॉर्डचे लूटी पिजामिनी यांनी घडवलेले : एक बाई, जवळ मुलगा आणि कुत्रा; बाईची नजर रेझोल्यूटच्या दिशेला. रेझोल्यूटचे सिमिओनी अमागोआलिक यांचे. त्यात पुरुष एकटाच, आणि तो पाहतो ग्रीस फियॉर्डकडे.

मुलीने गोलावरचा दोरा काढायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हटले, "राहू दे आजचा दिवस."